नव्या सिस्टरांचा हात आयव्हीला बसत नाही, काय करावं?

सिस्टर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तालुक्याच्या गावातलं पन्नास खाटांचं खाजगी हॉस्पिटल, एकदम सहा नव्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या) मुली जॉइन झालेल्या. कॉलेजात रबरी हातावर सगळ्यांनी आयव्ही, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी, लावलेली, वॉर्डात मात्र निम्म्या वेळा शीर फुटते आणि नाईटला तर जास्तच. नातेवाईक ओरडतात, डॉक्टर चिडतात, त्यातली एक मुलगी नोकरी सोडायचं म्हणते. ‘यांचा हात कसा बसवू’ असं तुम्ही विचारलंय.

परभणी-हिंगोली भागातल्या सरकारी दवाखान्यांत मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा इन्चार्ज म्हणून. हाताबद्दल मला फारशी काळजी वाटत नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा हात बारीक कामाला चांगलाच असतो, भाकरी थापणाऱ्या आणि मेंदी काढणाऱ्या मुली आहेत या. चुकतं ते सुई टोचायच्या आधी, शीर निवडताना. नाहीतर रक्त दिसल्यानंतरच्या दोन सेकंदांत. आणि तिसरी गोष्ट जराशी टोचेल: बऱ्याचदा चूक शेजारी उभ्या असलेल्या आपल्या असते. या तिन्हींवर सविस्तर लिहिते.

त्याआधी एक कबूल करते. तुमच्याकडे एका ड्युटीला किती जणी असतात, डॉक्टर तुमच्या पाठीशी उभे राहतात का, इंट्राकॅथ (सुईवर चढवलेली प्लॅस्टिकची नळी) मोजून मिळतात का, यावर बरंच अवलंबून आहे. चाळीस पेशंटला दोन सिस्टर असतील तर शिकवायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खराच आहे. मी सांगते ते दिवसाची अर्धी-पाऊण तास फुरसत धरून सांगते. तेवढीही नसेल तर आधी ड्युटी लिस्टवर बोलायला हवं.

आता शीर निवडणं. नवी मुलगी शीर डोळ्यांनी शोधते. हिरवी-निळी रेघ दिसली की तिथं टोचते. दिसणारी शीर पुष्कळदा वरवरची, बारीक आणि ठिसूळ असते. चांगली शीर दिसेलच असं नाही, पण बोटाला लागते. दाबली की खाली जाते, सोडली की उसळून वर येते. म्हणून माझ्याकडे पहिला आठवडा सुई हातात नाही. रिकामा वेळ मिळाला की मुली एकमेकींच्या हाताला पट्टा बांधतात आणि डोळे मिटून मनगटापासून कोपरापर्यंत शीर बोटाने चालत जातात. कुठे वळते, कुठे दोन शिरा मिळतात, कुठे गाठीसारखा झडपेचा भाग लागतो, ते तोंडाने सांगायचं. झडपेच्या अगदी आधी टोचलं तर नळी पुढे सरकत नाही, हे त्यांना पुस्तकातून कळत नाही, बोटाला कळतं. एकमेकींना टोचू मात्र देत नाही. काही ठिकाणी देतात. मला ते पटत नाही, कारण विनाकारण सुई लागायचा धोका कशाला घ्यायचा?

शिरेशी गल्लत होते ती कंडरेची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची. कडक दोरी लागली की पेशंटला बोटं हलवायला सांगा. दोरी हलली तर ती कंडरा. ठोके लागले तर धमनी, तिथून हात काढा. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी बघतो तिथे, नवीनच काय जुन्यांनीही टोचू नये. तिथे मज्जातंतू जवळ आहेत आणि दुखतंही फार. अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी मोठी शीर सगळ्यांची आवडती, पण तीही मनगटाच्या अगदी जवळ न घेता चार बोटं वर घ्या. कोपराच्या घडीत शीर ठळक असते म्हणून मुली तिकडे धावतात. पेशंटने हात वाकवला की सलाईन बंद, आणि पेशंट हात वाकवतोच, जेवणार कशाने? ती जागा इमर्जन्सीसाठी राखून ठेवा. डायलिसिसचा फिस्टुला (शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) असलेला हात, ज्या बाजूच्या स्तनाचं ऑपरेशन झालंय तो हात, लकवा मारलेली बाजू, हे आधी विचारायची सवय लावा.

आपल्याकडच्या काही गोष्टी कॉलेजच्या पुस्तकात सापडत नाहीत. आपल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातावर गोंदण असतं, कोपरापर्यंत. जुनं गोंदण हिरवट-निळं पडतं आणि नवीन मुलीला ती शीर वाटते. माझ्यासमोर एकीने गोंदणातल्या तुळशीवृंदावनावर सुई धरली होती. आजीच म्हणाल्या, ‘‘अगं ती तुळस हाय, शीर खाली हाय.’’ मग शेतकरी गडी. शिरा दोरखंडासारख्या, लांबूनच दिसतात, आणि मुलींना वाटतं हा सोपा. पण कातडी जाड आणि शीर पळणारी. सुई लागली की बाजूला सरकते. तिथे डाव्या अंगठ्याने कातडी खालच्या बाजूला ताणून धरली नाही तर दहा वर्षांची सिस्टरही चुकेल. उलट म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते. तिथे पट्टा सैल बांधा किंवा बांधूच नका. आवळून बांधला तर शीर आधीच तट्ट फुगलेली असते आणि सुई शिरताच फुटते.

बांगड्यांचंही सांगते. हातभर हिरवा चुडा भरून बाळंतीण येते, तांड्यावरच्या बंजारा बायकांचा चुडा तर वर दंडापर्यंत जातो. नवीन मुलगी घाईत ‘काढा त्या बांगड्या’ म्हणते आणि तिथेच घरच्यांशी वाजतं. आधी विचारा, कापसाची पट्टी लावून वर सरकवून बांधता येतात का बघा, दुसरा हात बघा. खरोखर जीवावरची वेळ असेल तर कारण सांगून काढा. बांगडीच्या काठाखाली लावलेली आयव्ही तासाभरात आउट जाते, म्हणजे नळी शिरेबाहेर निघते.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये चाळीस-बेचाळीसच्या वर पारा जातो. शेतातून उलट्या-जुलाबाने आलेल्या माणसाच्या शिरा चिकटलेल्या असतात. थापडा मारून शीर येत नाही, फक्त हात लाल होतो. हात पलंगाखाली लोंबकळू द्या, मूठ उघडझाप करू द्या, कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल पाच मिनिटं गुंडाळा. डिसेंबर-जानेवारीत परभणीची पहाट असते तेव्हाही हाच टॉवेल कामाला येतो, कारण थंडीनेही शिरा आत जातात. पट्टा टोचायच्या जागेच्या चार-सहा इंच वर, आणि मिनिटभर, फार तर दोन मिनिटं. पट्टा बांधून ट्रे आणायला जाणारी मुलगी मला रोज दिसते. पट्टा बांधल्यावर मनगटाची नाडी लागली पाहिजे. नाही लागली तर रक्तच आत येत नाहीये, शीर फुगणार कशी? हातमोजा पिळून बांधतात तेव्हा हे हमखास होतं.

आता ती दोन सेकंदं. निम्म्याहून जास्त शिरा इथेच फुटतात असं माझं अनुभवाचं मत आहे. मुलींना एक इंट्राकॅथ हातात देऊन उजेडात धरायला सांगा. सुईचं टोक प्लॅस्टिकच्या नळीच्या पुढे दीड-दोन मिलिमीटर आलेलं दिसेल. म्हणजे मागच्या चेंबरमध्ये रक्त चमकलं तेव्हा शिरेत पोचलंय ते फक्त सुईचं टोक. नळी अजून शिरेच्या भिंतीबाहेर आहे. आनंदाच्या भरात मुलगी त्याच क्षणी नळी ढकलते. नळी भिंतीवर आपटून दुमडते आणि मुलगी म्हणते, ‘रक्त तर आलं होतं, मॅडम.’ दुसरी चूक याच्या उलट. पंधरा-वीस अंशाच्या कोनात आत शिरलेली सुई तशीच पुढे रेटली की शिरेच्या मागच्या भिंतीतून पार जाते. रक्त दिसलं की थांबायचं, सुई जवळजवळ कातडीला टेकवून आडवी करायची, तशीच आणखी दोन-तीन मिलिमीटर आत न्यायची, आणि मग सुई स्थिर धरून फक्त नळी सरकवायची. नळी लोण्यातून गेल्यासारखी जाते. अडली तर जोर लावायचा नाही.

याचा सराव माणसावर करायची गरज नाही. जत्रेत मिळतो तो लांबडा फुगा घ्या, त्यात कुंकवाचं पाणी अर्धवट भरा, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, वरून पातळ फोमचा तुकडा ताणून टाचा. मुदत संपलेल्या इंट्राकॅथ स्टोअरमध्ये पडलेल्या असतात, त्या वापरा, आणि सरावाच्या म्हणून वेगळ्या डब्यात ठेवा म्हणजे वॉर्डात जाणार नाहीत. फुगा गच्च भरला तर सुई लागताच फट्‌कन फुटतो. मुद्दाम एकदा भरू द्या. आवळून बांधलेल्या पट्ट्याचं काय होतं ते मुली विसरत नाहीत. माझ्याकडे प्रत्येकीने ‘थांब, आडवी कर, पुढे घे, नळी सोड’ हे फुग्यावर पन्नास वेळा तरी केल्याशिवाय तिला पेशंट मिळत नाही. पन्नास हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझाच आहे.

पहिला पेशंट कोणता द्यायचा? इथे बहुतेक इन्चार्ज चुकतात. वॉर्डात नवीन मुलीच्या वाट्याला जो समोर येईल तो येतो. कधी शॉकमधला, कधी सात महिन्यांचं लेकरू, कधी डेंग्यूचा पेशंट, ज्याच्या टोचलेल्या जागेवर निळं पडतं. तसं नको. सकाळच्या ऑपरेशन लिस्टवरचा हर्नियाचा किंवा हायड्रोसीलचा तिशी-चाळिशीचा गडी शोधा. तो उपाशी असला तरी कोरडा पडलेला नसतो, घाई नसते, नातेवाईकही एकदोनच असतात. मनगट आणि कोपराच्या मधली सरळ शीर, वीस नंबरची गुलाबी इंट्राकॅथ. दहा-बारा अशा जमल्या की मग मेडिसिनचे वयस्क, मग बाळंतिणी. लेकरांच्या चोवीस नंबरच्या पिवळीला हात लावायला मी तीन महिने तरी देत नाही.

नंबरचं गणितही सांगून टाका, नाहीतर मुली बारीक नळी सोपी पडते म्हणून सगळ्यांना बावीसची निळी लावतात. पाकिटावर प्रवाह छापलेला असतो, तो वाचायला लावा: वीस नंबरमधून मिनिटाला साठेक मिली जातं, अठराच्या हिरवीतून नव्वदच्या आसपास, बावीसमधून पस्तीसेक. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला बावीस नंबर लावून बाटली उंच टांगण्यात अर्थ नाही. तिला अठरा किंवा सोळा, दोन्ही हातांना. ऊस तोडताना साप चावून आलेला कामगार असेल तर चावलेला हात-पाय सोडून लावायची, आणि विषाने रक्त गोठत नसेल तर चुकलेली टोचणी कितीतरी वेळ दाबून धरावी लागते. असा पेशंट नवीन मुलीच्या सरावाचा नाही.

उलटही शिकवा. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ म्हणणारा पेशंट आपल्याला रोज भेटतो. तोंडाने पाणी घेतोय, उलटी नाही, तर ओआरएस पुरतं. निर्णय डॉक्टरांचा, पण ‘सर, तोंडाने चालू आहे’ एवढं सांगायची हिंमत सिस्टरमध्ये हवी. न लावलेल्या आयव्हीला सूज येत नाही.

आता आपल्याबद्दल. १९९९ साली मी नवीन असताना एका दवाखान्यात एका म्हाताऱ्या बाबांना मी तीनदा टोचलं, तिन्ही वेळा फुटली. इन्चार्ज बाईंनी सगळ्या नातेवाइकांसमोर माझ्या हातातून ट्रे ओढला, ‘सरक, तुझ्याच्याने होत नाही’ म्हणाल्या आणि एका फटक्यात लावली. त्यांनी पेशंटचं भलं केलं, यात शंका नाही. मी मात्र पुढचे दोन महिने मैत्रिणीला माझ्या आयव्ही लावायला सांगायचे आणि बदल्यात तिचे बेडसोर ड्रेसिंग करायचे. कुणाच्या लक्षातही आलं नाही. तुमच्या सहाजणींत अशी अदलाबदल चालली आहे का, ते एकदा बघा. राजीनाम्याच्या गोष्टी करणारी मुलगी कदाचित तीच असेल.

म्हणून माझा नेम असा आहे. मी पलंगाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहते, हात पाठीमागे. पेशंटला आधीच सांगते, ‘‘या सिस्टर लावतील, मी इथंच आहे. दोनदा नाही जमलं तर मी लावीन.’’ पेशंटला खोटं सांगायचं नाही आणि परवानगी गृहीत धरायची नाही. नको म्हणाला तर नको. दोनदा म्हणजे दोनदाच, माझ्यासाठीसुद्धा. दोन टोचण्यांनंतर दुसरी सिस्टर, आणि तिलाही नाही जमलं तर डॉक्टर. चौथ्या-पाचव्या टोचणीपर्यंत हट्टाने जाणाऱ्या जुन्या सिस्टरा मी पाहिल्यात, त्यांच्यापासून नवीन मुली तेच उचलतात.

सुई आत असताना ‘अगं तिथं नाही! खाली घे खाली!’ असं ओरडायचं नाही. मुलीचा हात थरथरतो आणि पेशंट हात ओढून घेतो. आमच्या वॉर्डात एक परवलीचा शब्द आहे. मी ‘टेप बघा’ म्हणाले की मुलीने हात आहे तिथे थांबवायचा आणि सुई आडवी करायची. पेशंटला वाटतं मी चिकटपट्टीबद्दल बोलतेय. चुकली तर बोलणं ड्युटी रूममध्ये, चहा पिताना.

नातेवाईकांचं काय? ‘‘कामून सारखं टोचायलात लेकराला? मोठ्या सिस्टरला बोलवा,’’ हे ऐकायला मिळणारच. मी मुलींना दोन वाक्यं पाठ करायला लावते. टोचायच्या आधी: ‘‘पाणी कमी झाल्यामुळे शिरा बारीक झाल्यात, एखाद्या वेळी दुसऱ्यांदा टोचावं लागेल.’’ चुकल्यावर: ‘‘ही शीर टिकली नाही, मी दुसऱ्या सिस्टरांना बोलावते.’’ पेशंटच्या शिरांना नावं ठेवायची नाहीत, ‘तुमच्या शिराच खराब’ असलं काही नाही. आणि सहाजण पलंगाभोवती असतील तर एक थांबेल, बाकीचे व्हरांड्यात. हे नवीन मुलगी सांगू शकत नाही, ते तुम्ही सांगा.

एक वही ठेवा. तारीख, कोणता हात, कुठे, किती नंबर, जमलं की नाही, नाही तर का. नाव-गाव लिहायची गरज नाही. माझ्याकडच्या एका मुलीच्या वहीत उजव्या हाताच्या आयव्ही फुटलेल्या आणि डाव्या हाताच्या बऱ्या, असं दिसायला लागलं. बघते तर ती डावखुरी. कॉलेजात कुणी तरी तिला सुई उजव्याच हातात धरायला लावलेली. तिला म्हटलं, तुझ्या हाताने लाव. पंधरा दिवसांत प्रश्न मिटला. वही नसती तर मी तिला ‘हात बसत नाही’ म्हणूनच धरून चालले असते.

काही गोष्टींत मात्र सवलत नाही. सुई एकदा नळीतून मागे घेतली की परत आत घालायची नाही, नळी आतल्या आत कापली जाऊन तुकडा रक्तात जाऊ शकतो. स्पिरिटने पुसल्यावर वाळू द्यायचं, आणि मग त्या जागेला बोट लावायचं नाही. फुंकर तर अजिबात मारायची नाही. लावून झाल्यावर पाच मिली नॉर्मल सलाईन हळू सोडून वरची कातडी बघायची. कॅल्शियम, २५ टक्के डेक्स्ट्रोज, फेनिटॉइन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही औषधं शिरेबाहेर गेली तर मांस जळतं, म्हणून ती द्यायच्या आधी दरवेळी ही तपासणी. उन्हाळ्यात घामाने पट्टी सुटते, आधी कातडी कोरडी करा. पट्टीवर तारीख-वेळ.

आणि सुई स्वतःला लागली तर लपवायचं नाही. नवीन मुली लपवतात, ओरडा बसेल म्हणून. टोपण परत बसवायचं नाही, वापरलेली सुई थेट पांढऱ्या डब्यात, आणि डबा पलंगाजवळ न्यायचा. लागलीच तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. तुमच्या सहाजणींचे हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का? आयव्ही शिकवायच्या आधी हे विचारा. खाजगीत बरेचदा कुणी विचारलेलं नसतं.

शेवटी नाईटचं. तुम्ही लिहिलंय की रात्री जास्त चुकतं. रात्री दोन गोष्टी बदलतात, उजेड आणि सोबत. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने शीर सपाट दिसते. मोबाईलची बॅटरी बाजूने, कातडीला जवळजवळ समांतर धरा, शिरेची सावली उठून दिसेल. पण ती धरायला दुसरी व्यक्ती लागते, मावशी किंवा मामा चालतील. सोबतीचं तुमच्या हातात आहे. दोन नव्या मुली एकत्र नाईटला लागल्या असतील तर लिस्ट बदला, एक जुनी एक नवीन करा. आणि राजीनामा द्यायला निघालेल्या मुलीला दोन आठवडे फक्त मॉर्निंग द्या, ऑपरेशन लिस्टचे पेशंट द्या, पलंगापलीकडे तुम्ही उभ्या राहा. दोन आठवड्यांनी तिची वही उघडून बघा आणि काय दिसलं ते मला कळवा. डावखुरी आहे का, तेही विचारून घ्या.